हातापायाचा व्यायाम झाला, दमाचं काय?

प्रश्न : नमस्कार. माझे सासरे ६२ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. एसटीत चालक होते, कराड-चिपळूण गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. आठ महिन्यांपूर्वी पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं. अकरा दिवस दवाखान्यात होते. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, आणि अडखळत का होईना, काय म्हणतात ते कळतं. फिजिओथेरपिस्ट चार महिने घरी येत होते. त्यांनी शिकवलेले हातापायाचे व्यायाम आम्ही रोज करून घेतो. पण माडीच्या बारा पायऱ्या चढल्या की मामा धापा टाकतात. अंगणात दोन फेऱ्या झाल्या की खुर्ची मागतात. पुण्याचे दीर म्हणतात, ट्रेडमिल पाठवतो. आत्ती (सासूबाई) म्हणतात, दम लागला की परत वारं जाईल, त्यांना बसू दे. शेजारी म्हणतात, सहा महिन्यांत सुधारतं तेवढंच, पुढं काही होत नाही. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलंय. मामा स्वतः काही बोलत नाहीत, मधेच डोळ्यांतून पाणी काढतात. आधी रोज संध्याकाळी स्टँडवर जुन्या चालक-वाहकांबरोबर चहाला जायचे. स्टँड आमच्या घरापासून सात-आठ मिनिटांवर आहे. आता दारापर्यंतही नको म्हणतात. गोळ्यांची यादी सोबत जोडली आहे. काय करावं?
– एक सून, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. बारा पायऱ्या आणि धाप. बाकी सगळं तुम्ही वेळच्या वेळी केलंय. दवाखाना, फिजिओ, गोळ्या, आणि आठ महिन्यांनंतरही व्यायाम चालू ठेवलाय, हे सोपं नाही. पण या सगळ्यात मामांच्या दमाकडं, म्हणजे न थकता हालचाल करत राहण्याच्या क्षमतेकडं, कुणी बघितलेलं दिसत नाही.

यात तुमची चूक नाही. पक्षाघाताच्या माणसाला भेटायला येणारा जो तो हेच विचारतो, 'हात उचलतो का? बोटं उघडतात का?' आम्ही फिजिओ मंडळीही त्यातलेच. माझ्या पहिल्या काही वर्षांच्या वह्या काढल्या, तर हाताची ताकद किती, गुडघा किती वाकतो, हे सगळं त्यात सापडेल. चालून आल्यावर नाडी किती होती, हे क्वचित. मला एका पेशंटनंच भानावर आणलं. त्यांची चाल सुधारली म्हणून मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो. ते म्हणाले, 'चालता येतं हो, पण कुठं पोचता येत नाही.' कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाईतो त्यांचा जीव अर्धा व्हायचा, मग परत कोण येणार, म्हणून ते निघतच नसत.

मामांच्या शरीराचा जमाखर्च मांडून बघा. आधी जमा. पक्षाघातानंतर हृदय, फुफ्फुसं आणि स्नायू मिळून जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतात, हे अनेक ठिकाणी मोजलं गेलंय. त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या मानानं ती क्षमता बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास भरते. काही झटक्यामुळं, पण बरंचसं नंतरच्या बसून राहण्यामुळं. आता खर्च. उजवा पाय पुढं टाकताना मामा कंबर वर ओढून पायानं अर्धगोल काढत असतील. पाऊल उचललं जात नाही, म्हणून पाय बाजूनं फिरवून आणावा लागतो. अशा चालीला तेवढ्याच अंतरासाठी दीडपट, कधी दुप्पटही ताकद लागते. जमा निम्मी आणि खर्च दुप्पट. मग बारा पायऱ्यांना धाप लागणारच. धाप लागते म्हणून माणूस बसतो, आणि बसला की जमा आणखी घटते.

रोजचे व्यायाम करूनही दम का वाढला नाही, हे तुम्हाला वाटत असेल. हात दहा वेळा उचला, थांबा, पाय दहा वेळा उचला, थांबा, यानं ताकद येते, सांधे मोकळे राहतात. ते चालूच ठेवा. दम वाढायचा तर मोठे स्नायू एका लयीत काही मिनिटं सलग हलत राहावे लागतात, श्वास थोडा चढावा लागतो आणि तो तसाच काही वेळ टिकावा लागतो. याचं डॉक्टरी नाव एरोबिक व्यायाम. नाव ऐकून गाण्यावर उड्या मारणारी माणसं डोळ्यांपुढं आणू नका, मामांच्या बाबतीत ते ओसरीतलं चालणं आहे. मामांनाच सांगून बघा, त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल : आपण स्टिअरिंग दुरुस्त केलं, ब्रेक तपासले, पण इंजिन आठ महिने कामाला लावलंच नाही. अशी गाडी सपाटीला कशीबशी जाईल. चिपळूणहून येताना कुंभार्ली घाट लागला की काय होईल, ते त्यांना विचारा.

आता आत्ती. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. पक्षाघाताच्या अगदी सुरुवातीला घाई केली तर नुकसान होऊ शकतं, हे सिद्ध झालंय. 'अ‍ॅव्हर्ट' नावाचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ देशांतल्या ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्ण. अर्ध्यांना पहिल्या २४ तासांतच उठवून, उभं करून, वारंवार हालचाल दिली. बाकीच्यांना नेहमीच्या पद्धतीनं. तीन महिन्यांनी चांगले सुधारलेले लोक नेहमीच्या पद्धतीत शंभरात ५० होते, घाईच्या पद्धतीत ४६. पुढं २०१९ मध्ये जर्मनीतल्या २०० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात झटक्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात ट्रेडमिलवर दमाचा व्यायाम दिला होता. नुसत्या अंग सैल सोडण्याच्या व्यायामापेक्षा फायदा जास्त दिसला नाही, त्रासाच्या घटना मात्र जास्त झाल्या. तेव्हा पहिल्या काही आठवड्यांपुरतं आत्तींचं 'बेतानं घ्या' बरोबर होतं.

पण आता आठ महिने झालेत. दुसऱ्या झटक्याची भीती मलाही आहे, आणि ती जास्त आहे ती मामा खुर्चीत बसून राहतील तर. बसून रक्तदाब वाढतो, साखर वाढते, पोट सुटतं, आणि झटका येण्याची कारणंही हीच. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर, पायरी-पायरीनं, जरासा श्वास चढेल इतपत चालणं हा ते टाळण्याचाच भाग आहे. आत्तींना हे माझ्या नावावर सांगा. शक्य असेल तर पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्याकडं फरक पडतो, इलाज नाही.

सहा महिन्यांचं म्हणाल, तर शेजाऱ्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलीय. मेंदूची आपोआप होणारी भरपाई पहिल्या तीन-सहा महिन्यांत वेगानं होते, नंतर मंदावते, हे खरं. दमाला अशी मुदत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला ६१ जणांचा एक अभ्यास झाला, २००५ मध्ये छापून आला. सगळे अर्धांगाचे, झटक्याला सहा महिने उलटून गेलेले, म्हणजे ज्यांना 'आता काही होत नाही' असं सांगितलं जातं तेच. निम्म्यांनी आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटांपर्यंत, सहा महिने ट्रेडमिलवर चालण्याचा व्यायाम केला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १७ टक्क्यांनी वाढली. नुसते ताणाचे व्यायाम आणि थोडं हलकं चालणं करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. सहा मिनिटांत चालून होणारं अंतर पहिल्या गटात ३० टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्यात ११. पुढं २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात पक्षाघातानंतरच्या व्यायामाचे ७५ अभ्यास, ३०१७ रुग्ण एकत्र तपासले. दमाच्या व्यायामानं चालण्याचा वेग वाढतो, दुसऱ्यावर अवलंबून राहणं कमी होतं, असंच त्यातही निघालं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर रागावू नका. यानं हात उघडणार नाही. मामांची उजवी मूठ सैल करायला वेगळी मेहनत लागते, ती फिजिओंना विचारून चालू ठेवा. चालण्यानं चालणं आणि दम सुधारेल, जिना सुधारेल, रक्तदाब-साखरेला मदत होईल.

तुमची गोळ्यांची यादी बघितली. तीत दोन गोळ्या अशा आहेत की त्यांच्याबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करायची नाही. पहिली मेटोप्रोलॉल. ही नाडी मुद्दाम संथ ठेवते. इंटरनेटवर '२२० वजा वय' करून नाडी किती असावी याचं गणित मिळेल, ते मामांना लागू नाही. ही गोळी चालू असताना ते दमले तरी नाडी फारशी वाढणार नाही, आणि तुम्हाला वाटेल अजून जोर लावायला हरकत नाही. दुसरी ग्लिमेपिराइड, साखरेची. ती घेऊन उपाशीपोटी चाललं तर साखर एकदम उतरू शकते. तेव्हा नाश्त्यानंतर तासा-दीड तासानं चाला. घरी साखर तपासत असाल आणि १०० च्या खाली आली, तर आधी काहीतरी खाऊ द्या. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा गुळाचा खडा असू द्या. चालताना हात थरथरले, घाम फुटला, गोंधळल्यासारखं झालं तर आधी तो तोंडात.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ईसीजी आणि इको बघून हृदयाच्या बाजूनं परवानगी आहे का? (पक्षाघात झालेल्या पुष्कळांना हृदयाचाही त्रास असतो, आणि तो लपलेला असू शकतो.) रक्तदाब कितीवर असला तर त्या दिवशी चालायचं नाही? आणि पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट, त्याला एएफओ म्हणतात, मामांना उपयोगी पडेल का? पाऊल लोंबणं थांबलं तर अर्धगोल कमी होतो आणि मघाशी म्हटलेला खर्चही उतरतो. रक्तदाबाचा त्यांनी वेगळा आकडा दिला नाही, तर मी माझ्या पेशंटना १८०/११० सांगतो. तेवढा किंवा त्याच्या वर असेल तर त्या दिवशी सुट्टी, आणि डॉक्टरांना फोन. मोजायचा डाव्या दंडावर, पाच मिनिटं शांत बसल्यावर.

आता ओसरीत या. टेप घेऊन दहा मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना हाताच्या दोन दणकट खुर्च्या ठेवा. प्लॅस्टिकच्या नकोत, मामा एका बाजूनं भार टाकून बसतात, त्या कलंडतात. टेप नसेल आणि आत्ती नऊवारी नेसत असतील, तर ते लुगडं साधारण सव्वाआठ मीटर भरतं, पण त्यांना न विचारता जमिनीवर पसरू नका. ओसरी तेवढी लांब नसेल तर अंगण चालेल. सकाळचा सडा वाळल्यावर मात्र, ओलं असताना नाही. पायात साधी चप्पल नको. कमजोर पायातून ती निसटते आणि मामा ती बोटांनी धरून ठेवायच्या नादात पाय आखडतात. मागून पट्टा असलेली वेल्क्रोची सँडल किंवा बूट. लुंगी नको, पायजमा किंवा ट्रॅक पँट, आणि त्यावर कमरेला एक रुंद कापडी पट्टा घट्ट बांधा.

काठी डाव्या हातात. बरोबर चालणारा माणूस उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागं, एक हात त्या कमरेच्या पट्ट्यावर. उजवा हात धरून ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही. लुळ्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, तो ओढल्यानं निखळल्यासारखा खाली येतो आणि मग महिनोन्महिने ठणकतो. आपल्याकडं निम्म्या पक्षाघातवाल्यांचे खांदे प्रेमानंच दुखावलेले असतात, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणतो. आणि मामा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, पडले तर नुसत्या खरचटण्यावर भागणार नाही.

पहिल्या दिवशी व्यायाम नाही, फक्त दोन मापं. दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात, ते मोबाईलवर बघा. मग नीट विश्रांती देऊन, सहा मिनिटांत किती फेऱ्या होतात तेही मोजा. मधे थांबले तरी चालेल, घड्याळ चालू ठेवायचं. नातवंडं घरात असतील तर त्यांच्या हातात वाटीभर चिंचोके द्या, फेरीला एक. दहा मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर ती चाल घरापुरती. साडेबारा सेकंदांच्या आत आली, तर माणूस बाजारात, रस्त्यावर आपला आपण वावरू शकतो. मामा बहुधा या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी किंवा पहिल्याच्या पलीकडं असतील.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात. आधी पाच मिनिटं खुर्चीत बसून पाय पुढं-मागं, टाचा वर-खाली, मग सावकाश एक फेरी. त्यानंतर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट बसणं, असं पाच वेळा. झालं. शेवटी पुन्हा पाच मिनिटं संथ, एकदम बसायचं नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस. जमलं तर पुढच्या आठवड्यात दोनाची तीन मिनिटं, मग पाच, मग दहा-दहाचे तीन तुकडे. आधी वेळ वाढवायचा, वेग नंतर. दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये पक्षाघातानंतरच्या व्यायामाबद्दल सांगितलं ते असं : आठवड्यात ३ ते ५ दिवस, एका वेळी २० ते ६० मिनिटं, सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून. तीन महिन्यांत मामा त्यातल्या विसापर्यंत आले तरी मी खूश. एखादा आठवडा पुढं सरकलंच नाही तर तोच पुन्हा करा. ताप असेल, रात्री झोप झाली नसेल, कुणाच्या लग्नाला जाऊन दमले असतील, तर त्या दिवशी मागच्या आठवड्याइतकंच चालवा.

जोर किती, हा खरा प्रश्न. नेहमीचा सल्ला असा की चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. मामांचं बोलणंच अडखळतं, तेव्हा त्यांच्यासाठी ही परीक्षा कुचकामी. ६ ते २० अशी श्रमाची एक मोजपट्टी असते, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी बनवलेली, आणि तीवर ११ ते १४ च्या मधे राहायचं असतं. आकडे सांगायला अडचण पडते अशा माणसांबरोबर मी दुसरं काहीतरी शोधतो. मामांसाठी मला इंजिनच्या टेंपरेचरचा काटा सुचतो. डावा तळहात हा काटा. खाली झुकवला तर इंजिन थंड, आडवा म्हणजे मधे, वर उभा केला तर लाल पट्टीत. दर दोन-तीन मिनिटांनी थांबवून विचारा, 'मामा, काटा कुठाय?' व्यायाम चालू असताना तो मधे हवा. सगळा वेळ खालीच राहिला तर दम वाढणार नाही, तुमचे कष्ट फुकट. वर गेला तर बसवा. घाटात गाडी तापली की बाजूला घेऊन थांबावं लागतं, लगेच रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. आणि तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडंही बघा. काही जण आपण दमलोय हे कबूलच करत नाहीत, चालक मंडळी तर नाहीच.

चालताना छातीत दुखलं, दडपण आलं, चक्कर आली, छातीत धडधड बेताल झाली, तर थांबवा, बसवा, डॉक्टरांना कळवा. छातीतलं दुखणं बसल्यावर पाच मिनिटांत गेलं नाही तर घरी वाट बघायची नाही. आणि तोंड नव्यानं वाकडं झालं, हात किंवा पाय आधीपेक्षा जास्त लुळा पडला, बोलणं एकदम आणखी बिघडलं, अचानक दिसेनासं झालं किंवा कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, तर लगेच १०८. 'बघू संध्याकाळपर्यंत' नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही सीटी स्कॅनला वेळ जातो. सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय कुठलं, हे आजच ठरवून ठेवा, आणि असं काही झालंच तर त्रास कितीला सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा.

दिरांची ट्रेडमिल. त्यांच्या मनाला मी दाद देतो, पण मशीन नको. इंटरनेटवरच्या व्हिडिओतले पेशंट ट्रेडमिलवर चालतात तेव्हा वरून पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि शेजारी दोन माणसं असतात, हे त्यात नीट दिसत नाही. घरी पाऊल लोंबत असताना सरकत्या पट्ट्यावर बूट अडकला की माणूस तोंडावर. शिवाय २०११ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, ४०८ रुग्णांचा. काहींना असं बांधून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओनं घरी जाऊन साधे व्यायाम करून घेतले. वर्षानं दोन्हीकडं निम्म्याहून थोडे जास्त लोक सुधारले होते, मशीनवाले पुढं नव्हते. माझ्या ओळखीतल्या तीन घरांत ट्रेडमिलवर सध्या चादरी वाळतात.

दिरांना म्हणावं, दंडावरचं चांगलं रक्तदाबाचं यंत्र पाठवा, आणि खुर्चीत बसून मारायचा छोटा पेडल. पावसाळ्यात कराडला अंगणात चालणं होणार नाही, तेव्हा तो उपयोगी पडेल. उजवं पाऊल पट्टीनं बांधायचं आणि गुडघा बाहेर पडत नाही ना, ते बघायचं. खुर्ची भिंतीला टेकवलेली. आणि महिन्यातला एक रविवार स्वतः येऊन वडिलांबरोबर ओसरीत चाला, असंही म्हणावं. ते ट्रेडमिलपेक्षा महाग पडेल त्यांना.

पारव्याच्या रक्तानं काही होत नाही. पाखराचा जीव आणि तुमचे पैसे दोन्ही वाचवा. तेलानं चोळणं आवडत असेल तर चोळा, अंगाला बरं वाटतं. फक्त उजव्या खांद्यावर जोर नको, आणि चोळण्याचा वेळ चालण्याच्या वेळातून काढू नका.

शेवटी डोळ्यांतलं पाणी. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. काहींना झटक्यामुळंच रडू आवरत नाही, मनात तसं काही नसताना. दोन्हींवर औषध आहे. तेव्हा हे डॉक्टरांना वेगळं सांगा, गोळ्यांच्या बोलण्यात बुडवू नका. चालण्यानं मन थोडं उघडतं, पण उपचाराच्या जागी ते चालणार नाही. घरातल्यांनी एक सवय सोडायची : 'बसा हो मामा, मी आणते.' पाण्याचा तांब्या त्यांचा त्यांना घेऊ द्या. वेळ लागेल, थोडं सांडेल.

आणि स्टँड. सात-आठ मिनिटांची वाट म्हणजे सहाशे मीटर धरू. दहा मीटरला २५ सेकंदांच्या चालीनं मामांना तिथं पोचायला २५ मिनिटं लागतील, तेही न थांबता, आणि ते त्यांना आज शक्य नाही. साडेबारा सेकंदांवर आले तर साडेबारा मिनिटं. हे गणित त्यांच्यासमोर कागदावर मांडा. वेळापत्रक पाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते कळतं.

पण तोवर घरात थांबायची गरज नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्याच शनिवारी रिक्षानं न्या. दोन मित्रांना आधी फोन करून ठेवा, मामांना सांगितलं नाही तरी चालेल. रिक्षा स्टँडच्या फाटकाशी सोडायची, चहाच्या टपरीपर्यंत काठीनं. तुम्ही उजवीकडं, अर्धं पाऊल मागं. पहिल्या दिवशी बहुधा दोन फलाटांच्या पुढं जमणार नाही, तिथल्या बाकावर बसवा आणि चहा तिथं मागवा, बिनसाखरेचा. किती फलाट झाले ते वहीत लिहा. महिन्यानं ती दोन मापं पुन्हा घ्या, आणि चारही आकडे मला कळवा.